स्लॅबवरचा विस्तव

पौषातलं ऊन आमच्या गावात उशिरा उतरतं. आधी शेजारच्या कडुनिंबाच्या शेंड्यावर, मग आमच्या स्लॅबवरच्या गरम पाण्याच्या टाकीवर, मग सौर पट्ट्यांवर आणि सगळ्यात शेवटी त्या कोपऱ्यात, जिथं ताडपत्रीखाली बाबांची सूर्यचूल झाकून ठेवलेली आहे. आज सकाळी चहा घेऊन मी वर आले तेव्हा ऊन टाकीपर्यंतच पोचलं होतं. खाली अंगणात प्रमोद, माझा धाकटा भाऊ, भंगारवाल्याशी फोनवर बोलत होता. स्लॅब मोकळा करायचाय, आणखी पट्ट्या बसवायच्यात, कोपऱ्यातली ती छत्री तेवढी घेऊन जा, असं काहीतरी.

मी ताडपत्रीचं टोक उचललं. आतून धुळीचा आणि उंदरांचा वास आला. लोखंडी दांडा इतका गार होता की हात लावल्यावर बोटांना तो आहे की नाही ते कळेना. मी हात तसाच ठेवला. हल्ली मला असं बरंचसं कळत नाही. बाबांना जाऊन गेल्या पौषात वर्ष झालं, आता दुसरा पौष आहे, आणि मी अजून त्यांच्यासाठी धड रडलेली नाही. लोक म्हणतात, होईल हळूहळू. मीही तसंच म्हणते, म्हणजे विषय संपतो.

प्रमोदनं आईच्या खोलीत नवं यंत्र बसवलंय. उन्हाळ्यात गार हवा फेकतं, हिवाळ्यात गरम, आणि चालतं स्लॅबवरच्या उन्हावर. आई त्या खोलीत शाल पांघरूनच बसते. काल मी विचारलं, खोली गरम होत नाही का? ती म्हणाली, "गरम होते. शेक नाई लागत."

शेक एका बाजूनं लागतो, हे ज्यानं अनुभवलं नाही त्याला कसं सांगणार? समोरून पोटऱ्या भाजतात आणि पाठीमागे पाठ बर्फासारखी असते. मग माणूस तव्यावरच्या भाकरीसारखा उलटतो. पुन्हा उलटतो. त्या उलटण्यात संध्याकाळ जायची.

आमच्याकडे गोरसी होती. मातीची पसरट, जाड काठाची शेगडी, आतून काळी, बाहेरून आईनं दर दिवाळीला सारवलेली. स्वयंपाक झाला की चुलीतला विस्तव आई उलथण्यानं गोरसीत काढायची, वर राखेचा पातळ थर द्यायची आणि गोरसी ओसरीवर यायची. आम्ही भोवती बसायचो. तळपाय काठाला लावायची मुभा नव्हती आणि लावल्याशिवाय राहवायचं नाही. राखेत बोरं भाजायची, तुरीच्या शेंगा भाजायच्या, आणि शेंग फुटली की त्या एवढ्याशा आवाजानं कुत्रं उठून बसायचं.

जळणाचं आमच्याकडे सगळ्यांना कळायचं. पऱ्हाटी भडकते लवकर आणि विझतेही लवकर. वेचणी संपलेलं कपाशीचं झाड ते, त्याच्याकडून आणखी किती अपेक्षा करायची? तुराटी तडतडते, ठिणग्या उडवते, नवीन लुगड्याला भोक पाडते. गोवरी तोंड मिटून जळते. बाभळीचा विस्तव राखेत दाबला तर सकाळपर्यंत लाल. सकाळी आई राख बाजूला सारायची, खाली तो असायचाच, आणि त्याच्यावर पऱ्हाटीचं काटूक ठेवून ती फुंकर घालायची. काडी ओढण्याची वेळ आमच्या घरात क्वचितच यायची. काडी ओढावी लागणं म्हणजे आईच्या लेखी त्या दिवशी काहीतरी चुकलेलं असायचं.

आता पऱ्हाट्या शेतातच यंत्रात घालून बारीक करतात. तो भुगा ट्रॉल्या भरून कारखान्यात जातो, त्याच्या जाड कांड्या होतात आणि कुठल्यातरी बॉयलरमध्ये जळतात. काल येताना रस्त्यात अशी ट्रॉली दिसली. ताडपत्रीच्या फटीतून भुगा उडत होता. वास ओळखीचा होता, पण धुराशिवाय अर्धाच वाटला.

माजघरात कापूस असायचा. भाव यायची वाट बघत तो छपरापर्यंत चढायचा आणि आम्हा पोरांचं अंथरूण त्याच्यातच व्हायचं. कापसात शिरलं की आधी गार लागतं, मग आपलीच ऊब आपल्याला परत मिळायला लागते. सरकीचा तेलकट, गोडसर वास. अंगाला खाज सुटायची, केसांत तूस अडकायचं, शाळेत बाई विचारायच्या की डोक्यात काय म्हातारपण आलंय का. पण तसली झोप मला पुढे कुठेच लागली नाही, नागपूरच्या जाड रजईतही नाही.

आईचा कायदा एकच होता. गोरसी ओसरीच्या आत येणार नाही. कापूस आणि विस्तव एका उंबऱ्यात नाही. बाबा विडीही बाहेर अंगणात, तीही वाऱ्याकडे पाठ करून ओढायचे.

बाबा मोटारी भरायचे. शेतातल्या पंपाच्या जळालेल्या मोटारी लोक बैलगाडीत घालून आणायचे, बाबा त्यातली काळी पडलेली तार उपसून काढायचे आणि नवी गुंडाळायचे. गाव त्यांना मिस्त्री म्हणायचं. शेती आईच्या अंगावर होती. बाबांचं मन शेतात नव्हतंच, ते कायम पुढच्या कुठल्यातरी यंत्रात असायचं. चुलीच्या धुराचं त्यांना वावडं. "धूर दिसला का समजायचं, विस्तव वाया चालला," असं ते म्हणायचे आणि आईच्या चुलीकडे अशा नजरेनं बघायचे, की जणू तीही कोणीतरी दुरुस्तीला आणून टाकलीय.

आधी बिनधुराची चूल आली, तिचं धुराडं मांजराला फार आवडायचं. मग गोबरगॅस आला. थंडीत शेण आळसावायचं, गॅस कमी यायचा, तेव्हा बाबांनी टाकीवर कडबा रचला आणि त्यावर आमची एक जुनी गोधडी पांघरली. आम्ही कुडकुडतोय आणि गोधडी शेणाला, असं आई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. बाबांना त्याचं काही नाही. ते गोधडीखाली हात घालून टाकी कितपत कोमट आहे ते बघायचे, ताप आलेल्या लेकराचं कपाळ बघावं तसे.

आणि मग कुठल्याशा योजनेत ती सूर्यचूल मिळाली. माणसाच्या दोन्ही हातांत न मावणारी मोठी परात, आतून आरशासारखे पत्रे, मधे भांडं ठेवायची कडी. दिग्रसवरून ती टेम्पोत आली तेव्हा अर्धं गाव मागे होतं. लोकांना वाटलं मिस्त्रीनं टीव्हीची मोठी छत्री आणली. कितीतरी दिवस माणसं विचारत राहिली की यात चॅनेल किती येतात. बाबा सांगायचे, एकच येते, पण ते दिवसभर चालू असते.

आईनं ती छत्री मनापासून वापरली, हे मला आता आठवतं तेव्हा नवल वाटतं. तिची आवडनिवड कोणी विचारली नव्हती. ती डाळ धुवायची, जिन्यानं वर न्यायची, परात उन्हाकडे वळवायची आणि मग भांडं ठेवण्याआधी कडीच्या जागी उघडा तळहात धरायची. जरा वर, जरा डावीकडे. एका जागी तिचा हात थांबायचा आणि लगेच मागे यायचा. "इथं," ती स्वतःशीच म्हणायची. बाबांनी दांड्यावर रंगाच्या खुणा करून दिल्या होत्या, कुठल्या महिन्यात किती कलवायचं त्याच्या. तिनं त्यांच्याकडे कधी बघितलं नाही. बाबांनीही कधी आग्रह धरला नाही. तिचा हात मागे आला की ते खुश व्हायचे.

डाळ शिजायची, पण तिच्या वेळेनं. ढग आला की अर्धी कच्ची. शेतावर डबा पोचायला उशीर, मजूर बोलायचे, आई बोलायची, बाबा आकाशाकडे बघायचे.

त्या वर्षी कापूस घरात मावेना म्हणून थोडा स्लॅबवर पसरला होता. दुपारी वारा सुटला. मी तिथेच शेंगदाणे खात बसले होते. एक पुंजका उडाला, हवेत तरंगत परातीच्या तोंडाशी आला आणि त्या जागेवर, बरोब्बर त्या जागेवर, काही न करता पेटला. आवाज नाही. एवढीशी ज्योत, जी उन्हात दिसतही नव्हती, आणि मग काळा बिंदू. बाबा धावत आले आणि इतके हरखले की त्यांनी दुसरा पुंजका उचलून धरला. त्यांच्या मागून आई आली. तिनं आधी परात फिरवून भिंतीकडे तोंड केलं, मग कापूस गोळा केला आणि मग बाबांना म्हणाली, "हे खेळणं आता झाकून ठेवा. घरभर कापूस हाय अन् तुम्ही वरून विस्तव आणून राह्यले."

परातीवर ताडपत्री पडली ती त्या दिवशी. बाबा अधूनमधून ती उचलून पत्रे पुसायचे. आईला दिसणार नाही अशा बेतानं, असं त्यांना वाटायचं.

पुढचं सगळं भराभर झालं, म्हणजे मी तेव्हा तिथं नव्हते म्हणून मला तसं वाटतं. लग्न होऊन मी नागपूरला गेले. दर वेळी येताना घरात नवं काहीतरी असायचं. काचेच्या नळ्यांची टाकी, मग पट्ट्या, मग विजेवरची सपाट शेगडी, जिच्यावर हात ठेवला तर भाजत नाही पण दूध उतू जातं. बाबांनी सिलिंडर परत केलं तेव्हा मला मुद्दाम फोन केला होता. मग एका दिवाळीला आले तर चूल नव्हती. तिच्या जागी फरशी. आईनं त्या चुलीची माती घमेल्यात भरून शेतात नेऊन टाकली होती, एवढंच कळलं. गोरसी तिनं तुळशीपाशी ठेवली होती, त्यात कोरफड लावलेली. ओसरीवर बसले तर पायांना करायला काही उरलं नव्हतं.

बाबा तेव्हा सगळ्यांना घर फिरवून दाखवायचे. या घरात आता एक काडी जळत नाही, म्हणायचे. ते फार आनंदात होते. आईचा खोकला थांबला होता आणि तिचे डोळेही आता लाल नसायचे. यात कोणाचं काय चुकलं, हे मला आजही सांगता येणार नाही.

ते पहाटे गेले. फोन आला, गाडी केली, कळंबच्या पुढे इतकी धुई होती, इतकं दाट धुकं, की ड्रायव्हरनं काच खाली करून डोकं बाहेर काढून गाडी चालवली. मी मागे बसून होते. पाय गारठले होते आणि ते वर उचलून घ्यावेत एवढंसुद्धा मला सुचलं नाही.

घरी माणसं जमली होती. बाबा माजघरात, जिथं कापूस असायचा तिथं, जमिनीवर. अंगणात बांबू बांधणं चाललेलं. सगळी तयारी झाली आणि मडक्यापाशी गाडी अडली. आमच्या घरची रीत अशी, की पुढे चालणाऱ्या मुलाच्या हातातल्या मडक्यात घरच्या चुलीतला विस्तव जातो. आजोबांच्या वेळी गेला, आजीच्या वेळी गेला. ज्या विस्तवावर माणूस जेवला, तोच त्याला पोचवायला जातो. प्रमोद रिकामं मडकं घेऊन स्वयंपाकघरात गेला आणि तसाच उभा राहिला. ओट्यावर काळी काच चमकत होती.

नानाकाका, बाबांचे चुलतभाऊ, म्हणाले की त्यात काय, गोवरीला काडी लावा आणि मोकळे व्हा. आई भिंतीला टेकून बसली होती. तिनं मान हलवली. काडीपेटी दुकानातली आहे, म्हणाली. कोणीतरी देवापुढचा दिवा सुचवला. देवाच्या दिव्यावरून हे पेटवत नाहीत, हे तिनं सांगायच्या आधी दुसऱ्याच कोणी सांगितलं. शेजारच्या शांताकाकूंकडे अजून चूल आहे, त्या घमेल्यात लाल निखारे घेऊन अंगणाच्या तोंडाशी आल्यासुद्धा होत्या. आईनं त्यांच्याकडे बघून हात जोडले. इतकी वर्षं एकमेकींना विस्तव दिला, घेतला, पण हा तिला उसना नको होता. काकूंना ते कळलं असावं. त्या तशाच परत फिरल्या.

माणसं ताटकळली. पायांवर पाय घासत होती. नानाकाकांनी शेवटी आवाज चढवला. म्हणाले, "वैनी, घरात विस्तवच नाई त कुठून आणावं? काहून अडून बसली तुम्ही?"

आई उठली. मला म्हणाली, "वर चाल माह्यासंगं."

त्या दिवशी बाईनं जिना चढावा का, असं पुटपुटणं मागे ऐकू आलं. तिनं वळून बघितलं नाही. चढताना ती एकदाच बोलली, की या घरात विस्तव आहे, मीच झाकून ठेवला. वर सगळीकडे पांढरं होतं. कडुनिंब दिसत नव्हता, टाकी अर्धी दिसत होती. आईनं ताडपत्री ओढली. पत्रे डागाळलेले, वर चिमण्यांची घाण. मी ओढणीनं पुसायला लागले. माझी बोटं बधिर होती, ओढणी निसटायची, मी पुन्हा पकडायचे. खालून प्रमोद वर आला, काय चाललंय ते बघितलं आणि गोवरी आणायला खाली गेला. येताना त्यानं बाहेरच्या बोदातला, कापसाच्या मोठ्या पोत्यातला, कापूसही मूठभर आणला. कोणी सांगितलं नव्हतं.

मग आम्ही उन्हाची वाट बघत बसलो.

खालून निरोप आला, किती वेळ लागेल? पुन्हा आला. पाव्हण्यांना परत जायचंय, पुसदच्या बसेस आहेत, धुई दुपारपर्यंतही हटत नाही कधीकधी. नानाकाका स्वतः जिन्यात येऊन उभे राहिले. आई परातीशेजारी उकिडवी बसली होती, पदर डोक्यावर घेऊन. ती शांतपणे म्हणाली, "येईन ऊन. त्याईले आता कायची घाई हाय?"

मग काकाही पायरीवर बसले. आयुष्यभर त्यांनी बाबांच्या छत्रीची टिंगल केली होती. आता तेही मान वर करून त्याच एका चॅनेलची वाट बघत होते. माझ्या हे मनात आलं, आणि आल्याची लाजही वाटली नाही. काहीच वाटत नव्हतं.

ऊन आलं तेव्हा आधी कडुनिंबाचा शेंडा दिसला. मग टाकी. मग पट्ट्या. आईनं दांडा सैल केला, परात वळवली आणि तळहात पुढे केला. जरा वर. जरा डावीकडे. हात थांबला, पण मागे आला नाही. ती जागा तापेपर्यंत तिला थांबायचं होतं. मी तिच्या हाताशेजारी माझा हात धरला. आधी काही नव्हतं. मग कोमट. मग एकदम, तळहाताच्या मधोमध, कोणीतरी बोट टेकवावं तसं.

"काढ हात," आई म्हणाली.

मी लगेच काढला नाही. पुढे कितीतरी दिवस तिथं फोड होता. त्या दिवशी मला जे काही कळलं, ते तेवढंच.

तिनं गोवरीवर कापूस ठेवला आणि गोवरी त्या जागी धरली. कापूस आणि विस्तव, एका हातात. धूर आला, बारीक, मग कापूस आपोआप काळा पडत पेटला. तिनं गोवरी तोंडाजवळ घेतली आणि फुंकर घातली. ती फुंकर मी ओळखली. राख बाजूला सारून सकाळी घालायची, तीच. गोवरीची कड लाल झाली. प्रमोदनं मडकं पुढे केलं. तो रडत होता. काका उठून उभे राहिले आणि त्यांनी जिन्याची वाट मोकळी करून दिली.

बाबा त्या विस्तवामागून गेले. मी स्लॅबवरूनच बघितलं. रस्त्याच्या वळणापर्यंत मडक्याचा धूर दिसत होता, सरळ वर जाणारा, आणि मला एवढंच वाटत राहिलं, की धूर दिसतोय, बाबा चिडतील.

आज भंगारवाला थोड्याच वेळापूर्वी आला. त्याची गाडी फाटकाशी लागली. प्रमोद वर आला, पाना घेऊन. त्याची चूक नाही. जागा हवीच आहे, आणि तो बोलून दाखवत नसला तरी ती परात रोज डोळ्यांसमोर नको, हेही असेल. त्याच्या मागून जिन्यावर आईची पावलं वाजली, एकेका पायरीवर थांबत. तिचे गुडघे आता तिला वर येऊ देत नाहीत. ती आली, धाप जिरेपर्यंत टाकीला धरून उभी राहिली आणि प्रमोदच्या हातातल्या पान्याकडे बघितलं.

"राहू दे ते," म्हणाली. "अजून एकखेप लागन."

प्रमोदनं माझ्याकडे बघितलं. मी गार झालेल्या चहाच्या कपाकडे बघत राहिले. मग तो पाना खिशात घालून खाली गेला. फाटकाशी काहीतरी बोलणं झालं आणि गाडी निघून गेली.

आईनं ताडपत्री पूर्ण बाजूला केली. मी ओढणीनं पत्रे पुसले. ऊन आता या कोपऱ्यापर्यंत आलं होतं. तिनं दांडा सैल केला, परात वळवली आणि तळहात पुढे धरला. जागा शोधायला त्याला वेळ लागला नाही. मग दुसऱ्या हातानं तिनं माझं मनगट धरलं आणि माझा हात तिथं नेऊन ठेवला.

"इथं," ती म्हणाली. "ध्यानात ठेवजो."